एका चतुष्पाद पेन्शनराची आठवण

सन २०१६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १३ तारखेस विरारकडील एका शेतावर सीझर नांवाचा अकरा वर्षांचा लॅब्रेडोर जातीचा कुत्रा हृदयविकाराच्या झटक्यानें मरण पावला. (सीझर मेला असें लिहावयास हात वळत नाहीं, आणि वारला असें लिहिलें तर आमचे कांहीं वृद्ध वाचक चष्मा कपाळावर चढवून पत्र लिहावयास बसतील, म्हणून हा मधला शब्द घेतला आहे.) मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकांतून तो निवृत्त झालेला होता. सन २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या वेळीं ज्या चार कुत्र्यांचें नांव लोकांच्या तोंडीं झालें, त्यांतला हा शेवटचा. बाकीचे तिघे त्याच वर्षीं त्याच्या पुढें गेले होते: एप्रिलांत मॅक्स, जूनमध्यें सुलतान, जुलैमध्यें टायगर.

या गोष्टीला आतां बरींच वर्षें लोटलीं. आज ती काढण्याचें कारण या महिन्याच्या टपालांत आलेलें एक पत्र. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचें कुटुंब मोठें आहे. सासूसासरे, दोन दीर, जावा, मुलें मिळून रोज चौदा पानें मांडावीं लागतात. त्यांच्या कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्यानें कोठून तरी ऐकलें कीं, पोलिसांच्या श्वानपथकांतून निवृत्त होणारा एखादा कुत्रा चांगलें घर असल्यास सांभाळावयास मिळूं शकतो. तेव्हांपासून घरांत दोन तट पडले आहेत. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, देवघर व स्वयंपाकघर एकमेकांस लागून असलेल्या घरांत कुत्रा फिरूं लागला म्हणजे सोवळ्याओवळ्याचें काय उरलें? आणि दुसरें असें कीं, उमेदीचीं वर्षें सरकारनें घ्यावीं आणि म्हातारपण मात्र आमच्या पदरांत टाकावें, हा न्याय कोठला? बाईंनीं मजकडे निवाडा मागितला आहे. सासूबाईंच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर आहे, आणि तें त्यांच्याच देवघराशेजारच्या फडताळांत आहे. त्याकडे मी मागाहून येतों. दुसरा मुद्दा अधिक कठीण. सीझरनें आपलीं उमेदीचीं वर्षें कोणाला दिलीं हें पाहिल्याशिवाय त्याचा निकाल लागत नाहीं.

सन २००८ च्या त्या रात्रीं समुद्रमार्गानें आलेले दहा हल्लेखोर मुंबईंत निरनिराळ्या ठिकाणीं घुसले, आणि २९ तारखेस सकाळीं ताजमहाल हॉटेलांतला गोळीबार थांबेपर्यंत १६६ माणसें प्राणांस मुकलीं. जुनीं माणसें ज्याला अजून बोरीबंदर म्हणतात त्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर पन्नासांहून अधिक माणसें गेलीं. त्यांत बाहेरगांवच्या गाडीची वाट पाहात वळकटीवर टेकून बसलेले साधे प्रवासी पुष्कळ होते. गोळीबार थांबला म्हणजे धोका टळला असें आपल्याला वाटतें. बॉम्बशोधक पथकाचें काम तेथून पुढें सुरू होतें. पळापळींत टाकलेल्या पिशव्या, पेट्या, बोचकीं, पाण्याच्या बाटल्या, डबे, चपला यांचे ढीग फलाटावर पडलेले. त्यांतलें कोणतें बोचकें गरीब प्रवाशाचें आणि कोणतें मारेकऱ्याचें, हें पाहून कळत नाहीं. या स्थानकावर हल्लेखोरांचे मागें राहिलेले दोन हातबॉम्ब सीझरनें हुडकून काढले. पुढें कुलाब्याच्या नरिमन हाउसच्या झडतींतहि तो होता.

हें काम किती बिकट होतें याची कल्पना एका गोष्टीवरून यावी. हल्ल्याला आठवडा लोटल्यावर, ३ डिसेंबर रोजीं, याच स्थानकावर गोळा करून ठेवलेल्या बेवारशी सामानांत स्फोटकांनीं भरलेली एक पिशवी सांपडली. म्हणजे सात दिवस ती पिशवी तेथें होती, आणि लक्षावधि माणसें तिच्या आसपासून आपापल्या कचेऱ्यांना जात येत होतीं. गाड्या वेळेवर सुटत होत्या.

कुत्र्याला जें कळतें तें आपल्याला कां कळत नाहीं? मनुष्याच्या नाकांत गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरांत असतात. कुत्र्याच्या नाकांत त्या वीस कोटींच्याहि वर असतात असें शास्त्रज्ञ सांगतात. हुंगतांना तो सेकंदाला पांचएक वेळां श्वास आंत ओढतो, आणि नाकपुडीच्या बाजूला जी चीर असते तींतून सोडलेला श्वास बाहेर जातो, त्यामुळें पुढून येणारा वास विसकटत नाहीं. आपण स्वयंपाकघरांत शिरलों कीं आमटीचा वास आला असें म्हणतों. कुत्र्याला तेथें आमटी येत नाहीं. हिंग येतो, कढीलिंब येतो, आमसूल येतें, गूळ येतो, आणि पातेलें ज्या हातांनीं उतरविलें ते हातहि येतात. आर. डी. एक्स. हें स्फोटक स्वतः जवळजवळ गंधहीन आहे. त्याची वाफ इतकी अल्प कीं यंत्रांनाहि ती पकडणें जड जातें. कुत्रा पकडतो तो बहुधा त्याच्या सोबत्यांचा वास, म्हणजे स्फोटकाचा लगदा करण्यासाठीं मिसळलेले तेलकट पदार्थ आणि तें शुद्ध करतांना वापरलेल्या द्रवाचा मागें राहिलेला अंश. सन १९९१ मध्यें माँट्रियल येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें तर अशा स्फोटकांत ओळखतां येईल असा वासाचा पदार्थ कारखान्यांतच मिसळावा असें ठरविलें. चोरट्या मालाला करार लागू नसतात, हें सांगावयास नको.

हें नाक कामाला लावावयाचें म्हणजे शिक्षण आलें. आपल्या प्रांतांत पुण्याला गुन्हे अन्वेषण विभागाचें श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. शिक्षणाचें तत्त्व लहान मुलाच्या खेळाचें आहे. पिल्लाला एखादा चेंडू किंवा खाऊ अतिशय आवडता करून ठेवावयाचा; मग विशिष्ट वास सांपडला कीं तो चेंडू मिळतो, हें त्याच्या मनांत पक्कें करावयाचें. एक वास झाला कीं दुसरा. कांहीं महिन्यांनीं तो वास आणि तें सुख यांची अशी गांठ बसते कीं, हजार वासांच्या गर्दींतून कुत्रा तेवढाच निवडून काढतो. सांपडल्यावर त्यानें भुंकावयाचें नाहीं, पंजानें उकरावयाचें नाहीं. नुसतें शांतपणें खालीं बसावयाचें. बॉम्बपाशीं पंजा मारणारा कुत्रा दुसऱ्यांदा पंजा मारावयास उरत नाहीं.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी, कारण ती वीरकथांच्या भरांत नेहमीं सुटते. सीझरला देश ठाऊक नव्हता, शत्रु ठाऊक नव्हता, आपण जीव धोक्यांत घालीत आहों हेंहि ठाऊक नव्हतें. त्याला एक माणूस ठाऊक होता. श्वानहस्तक, पोलिसांच्या बोलण्यांतला ‘हँडलर’, याच्याशीं त्याची जोडी लागलेली असते. तोच खाऊं घालतो, तोच केस विंचरतो, तोच दोरी धरतो, आणि दोरीच्या दुसऱ्या टोंकाला काय वाटत आहे हें दोघांनाहि न बोलतां समजतें. त्या माणसानें ‘शाबास’ म्हणावें आणि चेंडू फेकावा, एवढ्यासाठीं तो मृत्यूच्या पेटीपाशीं नाक नेतो. धोका पत्करला तो त्या माणसानें, जाणूनबुजून. कुत्र्याच्या वतीनें तो आपण सर्वांनीं पत्करविला. ज्याच्याकडून न सांगतां धोक्याचें काम करून घेतलें, त्याचें देणें, सांगून घेतलेल्या कामाहून कमी कीं जास्त? मला तरी तें जास्त वाटतें. शिपायाला पगार कळतो, पदक कळतें, पेन्शनची तारीख कळते. कुत्र्याला यांतलें कांहीं कळत नाहीं म्हणून तें द्यावयाचें राहून जाणें अगदीं सोपें आहे.

मुंबईकरांना सीझरच्या आधींचा जंजीर आठवत असेल. त्याचा जन्म सन १९९२ च्या जानेवारींतला. १९७३ सालच्या प्रसिद्ध चित्रपटावरून त्याचें नांव ठेवलें होतें, आणि शिक्षण पुण्यालाच झालें. १२ मार्च १९९३ रोजीं एका दुपारीं मुंबई ठिकठिकाणीं स्फोटांनीं हादरली आणि २५७ माणसें मेलीं, तेव्हां या कुत्र्याला नोकरींत येऊन तीन महिनेहि झाले नव्हते. तीनच दिवसांनीं, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशीं तो बसला. स्कूटरमध्यें आर. डी. एक्स. व जिलेटिन निघालें. पुढच्या काळांत त्यानें शोधून दिलेला माल म्हणून जो हिशोब छापून आला आहे तो असा: ३,३२९ किलो आर. डी. एक्स., ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसें. हे आंकडे मी पुन्हां पुन्हां वाचले. घाऊक किराण्याच्या दुकानदाराच्या वहींत शोभावेत असे हे आंकडे, आणि मालाच्या नांवाच्या जागीं मरण लिहिलेलें.

जंजीरला म्हातारपण पाहावयास मिळालें नाहीं. सन २००० च्या नोव्हेंबरांत, नऊ वर्षेंहि पुरीं होण्याआधीं, हाडाच्या कर्करोगानें तो गेला. सरकारी इतमामानें त्याला निरोप दिला गेला. एक वरिष्ठ अधिकारी त्याच्या देहावर फुलें वाहात आहेत असें छायाचित्र पुढें सर्वत्र फिरलें, आणि अजून मार्च महिना आला कीं लोक तें काढून एकमेकांस दाखवितात. चांगलें आहे. मला त्या छायाचित्राबद्दल तक्रार नाहीं. परंतु फुलें वाहावयास एक सकाळ पुरते, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला चार वर्षें जेवूं घालावें लागतें. आपल्या समाजाला यांतलें पहिलें फार छान जमतें. माणसांच्या बाबतींतहि तसेंच चालतें, पण तो विषय आज नको.

बॉम्बशोधक कुत्र्याची नोकरी साधारणतः आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत चालते. पुढें नाक जरी शाबूत राहिलें तरी पाय थकतात, धांप लागते. आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगतां येत नाहीं, कारण तो तोंडानें श्वास घेत असतो. मग त्याच्या जागीं तरुण कुत्रा येतो. हस्तकाला नवा सोबती मिळतो. त्याला शिकविण्यांत त्याचा दिवस जातो. जुन्या कुत्र्याला मात्र सकाळीं गाडीचा आवाज आला कीं उठून दाराशीं जावेंसें वाटतें, आणि गाडी त्याला न घेतां निघून जाते. पुष्कळ हस्तकांना वाटतें कीं आपणच त्याला घरीं न्यावें; पण पोलिसवसाहतींतल्या दोन खोल्या, घरांत आईवडील, शाळेंतलीं मुलें, आणि त्यांत पस्तीस किलोंचा कुत्रा! मन असून जागा नसते.

पूर्वीं या प्रश्नाचा निकाल फार क्रूरपणें लागत असे. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकेनें सुमारें चार हजार कुत्रे कामाला लावले. मायदेशीं परत आले ते दोनशेंच्या आसपास. बाकीचे, मोडक्या तंबूंप्रमाणें जादा सामान ठरून, तेथेंच सोडले गेले किंवा मारले गेले. निवृत्त लष्करी कुत्रे लोकांना दत्तक देण्याचा कायदा त्या देशांत सन २००० च्या नोव्हेंबरांत झाला, म्हणजे जंजीर गेला त्याच महिन्यांत. आपल्याकडेहि लष्करांतला कुत्रा कामास निरुपयोगी ठरला म्हणजे त्याला सुईनें मरण देण्याची पद्धत होती. सन २०१५ मध्यें माहितीच्या अधिकाराखालीं ती उघड झाली, ओरड झाली, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलें, आणि त्यानंतर धोरण पालटलें. आतां मेरठला लष्कराच्या पशुवैद्यकीय केंद्रांत अशा कुत्र्यांना ठेवून घेतात. सन २०१९ च्या नोव्हेंबरांत दिल्ली येथें केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलानें आपल्या सात कुत्र्यांना पदकें व प्रशस्तिपत्रें देऊन समारंभानें सेवामुक्त केलें आणि एका संस्थेच्या हवालीं केलें. प्रशस्तिपत्राचें त्या सातांनीं काय केलें असेल हें मनांत येऊन थोडें हसूं येतें, परंतु अमुक दिवशीं तुझी नोकरी संपली आणि येथून पुढें तुझी सोय अमुक ठिकाणीं, असें जाहीरपणें ठरविणें ही मोठी सुधारणा आहे.

सीझर, टायगर, सुलतान यांच्या नशिबानें त्यांना एका प्राणिप्रेमी बाईंनीं विरारकडील आपल्या शेतावर आसरा दिला. शहराच्या धुरांतून आणि भोंग्यांतून निघून तीं जनावरें मोकळ्या जागेंत आलीं. तीं मरेपर्यंत तेथेंच होतीं, आणि एकत्र होतीं. हें एकत्र असणें त्यांच्या दृष्टीनें किती मोठें होतें तें २०१६ च्या उन्हाळ्यांत दिसून आलें. जूनमध्यें सुलतान गेला, महिन्याभरांत टायगर गेला, आणि सीझरनें अन्नावरची वासना सोडली. तो कोंपऱ्यांत पडून राही. त्याला परळच्या जनावरांच्या रुग्णालयांत हलवावें लागलें. गोचिडीच्या तापानें शरीर आधींच पोखरलें होतें. पण तो सोबत्यांच्या दुःखानें खंगला असें त्या वेळच्या बातम्यांत आलें, आणि ज्यांनीं घरांत जनावर पाळलें आहे त्यांना त्यांत अतिशयोक्ति वाटणार नाहीं. त्यानंतर तो तीनेक महिने जगला.

आतां सासूबाईंकडे वळूं. त्यांच्या घरीं ग्रंथांचें फडताळ असेलच. त्यांनीं महाभारताचा पहिला आणि शेवटचा भाग काढून पाहावा. पौष्यपर्वांत जनमेजयाचे भाऊ यज्ञभूमीवर आलेल्या एका कुत्र्याच्या पिल्लाला मारतात. तें रडत आईकडे, देवांच्या सरमा नांवाच्या कुत्रीकडे, जातें. सरमा येऊन राजाला विचारते कीं, माझ्या मुलानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं, त्याला जीभ लावली नाहीं, मग त्याला मारलें कां? राजाकडे उत्तर नसतें. ती शाप देते, आणि शापाच्या भीतीनें एवढा मोठा सम्राट पुरोहित शोधीत फिरतो. शेवटीं महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराजाच्या मागोमाग एक कुत्राच उरतो. तेथें इंद्र जें म्हणतो तें सासूबाईंचेंच म्हणणें आहे: कुत्रा बाळगणारांस स्वर्गांत जागा नाहीं, त्यांचें पुण्य वायां जातें. धर्मराजानें त्यावर वाद घातला नाहीं. आश्रयाला आलेल्याला टाकून मी येणार नाहीं, एवढेंच सांगून तो दाराबाहेर उभा राहिला. एवढा प्रचंड ग्रंथ, आणि त्याच्या दोन्ही टोंकांना कुत्रा. एकीकडे अपराध नसतां मार खाल्लेला, दुसरीकडे सोडावयास नकार दिलेला. हा निव्वळ योगायोग आहे असें मला वाटत नाहीं.

आणि सरमेचें मूळ तर याहूनहि जुनें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०८ व्या सूक्तांत ती इंद्राची दूती होऊन, पणींनीं डोंगरांत दडविलेल्या गाईंचा माग काढीत, रसा नदी ओलांडून पलीकडे जाते. पणि तिला लांच देऊं करतात. तूं आमची बहीण हो, गाईंत वांटा घे, असें म्हणतात. ती ऐकत नाहीं. आमच्या वाङ्मयांतला पहिला शोधपथकाचा कुत्रा म्हणजे ही सरमा, आणि तिनें लांच नाकारला आहे. (बृहद्देवतेंत कथा निराळी आहे. तेथें सरमा पणींचें दूध पिते आणि इंद्राशीं खोटें बोलते. पण कोणत्याहि खात्याच्या दप्तरांत दोन अहवाल असतातच. मी वेदाचा मानतों.) वैश्वदेव करणाऱ्या घरांत कुत्र्यांसाठीं अन्नाचा भाग बाहेर ठेवीत असत, आणि दत्ताच्या तसबिरींतले चार कुत्रे तर सासूबाईंच्या देवघरांत आजहि बसले असतील. त्यांना हळदकुंकू चालतें.

सोवळ्याची अडचण मी थट्टेवारी नेत नाहीं. ज्या घरांत तें पाळलें जातें तेथें त्याचा मान राखलाच पाहिजे, आणि तो राखणें या कुत्र्याच्या बाबतींत इतर कुत्र्यांहून सोपें आहे. तो शिकलेला आहे. अमक्या उंबरठ्याच्या आंत यावयाचें नाहीं हें त्याला चार दिवसांत समजेल, आणि एकदां समजल्यावर तो तें घरांतल्या नातवंडांपेक्षां अधिक कसोशीनें पाळील. ओटी, पडवी किंवा मागचें अंगण त्याला पुरे. सदनिका असेल तर गॅलरी पुरणार नाहीं. दिवाणखान्याचा एक कोंपरा कायमचा त्याच्या नांवें करून द्यावा लागेल. घर वरच्या मजल्यावर असून उद्वाहन नसेल तर मात्र माझें मत स्पष्ट नाहीं असें आहे. म्हातारपणीं लॅब्रेडोरचे मागचे खुबे दुखतात, दिवसांतून तीनदां जिने चढउतार करणें ही त्याला शिक्षा होईल.

एकत्र कुटुंब हें अशा कुत्र्याला सर्वांत योग्य घर, असें मला वाटतें. त्याला एकटें राहण्याची संवय नसते. नवराबायको दोघें सकाळीं कुलूप लावून जाणाऱ्या घरांत तो खचेल. चौदा माणसांच्या घरांत कोणी ना कोणी असतेंच. विशेषतः नुकतेच निवृत्त झालेले आजोबा असले तर दोघांचें चांगलें जमेल, कारण नऊ वाजले कीं कोठें तरी जावयाचें आहे असें दोघांनाहि वाटत असतें. परंतु जबाबदारी चौदा जणांची ठेवूं नये. जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नसतें, आणि शेवटीं तें घरांतल्या सुनेच्या अंगावर पडतें. ज्या पुतण्यानें हट्ट धरला आहे त्यानेंच पहांटे उठून फिरावयास नेण्याचें आणि आजारांत रात्रीं जागण्याचें कबूल करावें. पत्रांत या मुद्द्याचा उल्लेख नाहीं, म्हणून मीं तो मुद्दाम काढला. खर्चाचाहि आधींच विचार व्हावा. या वयांत पशुवैद्य वरचेवर लागतो, औषधें महाग असतात, आणि गोचिडी तर दर आठवड्यास अंगावरून हात फिरवून पाहाव्या लागतात. कुत्रा किती वर्षांचा, कोणतें दुखणें झालें आहे, काय खातो, कोणत्या शब्दांना ओळखतो, हें सर्व हस्तकाला विचारून लिहून घ्यावें. शक्य तर तो हस्तक अधूनमधून भेटावयास येईल असेंहि ठरवावें. पहिले कांहीं दिवस कुत्रा दाराकडे तोंड करून बसेल तो त्याच्यासाठींच.

खाण्याच्या बाबतींत आपल्या घरांना एक सूचना अवश्य हवी. प्रसादाचा शिरा कुत्र्याला प्रेमानें भरवूं नये. त्यांतले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना विषासारखे आहेत. द्राक्षें, मनुका, कांदा, चॉकलेट हींहि तशींच. साधा भात आणि वैद्यानें सांगितलेला आहार बरा. लॅब्रेडोर मागेल तेवढें द्यावयाचें ठरविलें तर तो वर्षाच्या आंत पाटासारखा रुंद होईल.

सरकारनें उमेद घेतली आणि म्हातारपण आमच्या पदरांत टाकलें, या तक्रारीचा विचार करतांना सासूबाईंनीं एवढेंच आठवून पाहावें कीं, मागील वीस-पंचवीस वर्षांत त्या किती वेळां बोरीबंदरला गाडींतून उतरल्या, किती वेळां गर्दीच्या दिवशीं देवळाच्या रांगेंत उभ्या राहिल्या. त्या येण्यापूर्वीं पहांटे कोणी तरी ती जागा हुंगून गेलेलें होतें. उमेद सरकारदरबारीं जमा झाली असली, तरी ती खर्च झाली आहे आपल्यावर.

शेवटीं दिवाळीविषयीं. कोणत्याहि कुत्र्याला फटाक्यांच्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून त्या दिवसांत त्याला आंतल्या, आवाज कमी येणाऱ्या खोलींत ठेवावें. पण या कुत्र्याची आणखी एक गोष्ट आहे. गंधक आणि सोरा यांची दारू हा त्याच्या अभ्यासांतला विषय. धाकट्या मुलांनीं फटाक्यांचें खोकें आणून कपाटाखालीं लपविलें असेल, तर तो बहुधा तेथें जाईल आणि त्यापुढें शांतपणें बसेल. कोणीं हाक मारली तरी हलणार नाहीं, वळून फक्त आपल्याकडे पाहील. त्या वेळीं त्याला रागावूं नये, ओढूं नये. खोकें उचलून बाहेर ठेवावें, त्याला शाबास म्हणावें, आणि चेंडू द्यावा.